नऊ पिंपं आणि एक कोरी जागा: अमृत कोकमाच्या लेबलचं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं अमृत कोकमाच्या बाटलीवर छापलेल्या नंबरला फोन लावला. तो वाजला कांदिवलीत. बचत गटाच्या अध्यक्ष काकींचा मुलगा तिथं नोकरीला आहे. नोंदणीचा अर्ज भरताना गावात रेंज नीट नव्हती म्हणून त्याचा नंबर दिला होता, आणि तोच पुढं लेबलवर 'ग्राहक सेवा' म्हणून छापला गेला. 'आईला सांगतो' म्हणाला आणि कामाच्या गडबडीत राहून गेलं. चार दिवसांनी कणकवलीजवळच्या महामार्गावरच्या एका दुकानदारानं थेट माणूसच धाडला: झाकणं फुगली आहेत, एक बाटली उघडताच फसफसून अंगावर आली, उरलेला माल उचला.

गट कुडाळ-मालवण पट्ट्यातला, दहा-बारा बायकांचा. नाव-गाव देत नाही. एप्रिल-मेमध्ये कोकम, कैरी, फणस करायचं आणि गणपतीपर्यंत माल विकून मोकळं व्हायचं, असा त्यांचा हिशेब. मी अशा छोट्या प्रक्रिया उद्योगांना तांत्रिक सल्ला देतो, त्यामुळे बोलावणं आलं.

अमृत कोकमाची रीत इथं घरोघर ठाऊक आहे. पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बिया काढायच्या, आणि सालीचा एक थर, साखरेचा एक थर असं पिंप भरत जायचं. वजनाला साल एक भाग, तर साखर साधारण दोन. रोज ढवळलं की आठवडाभरात साखर विरघळून गडद लाल पाक सुटतो. तो गाळून, जिरं-मीठ घालून, सोडियम बेंझोएट हे परिरक्षक, म्हणजे माल टिकवणारं रसायन, मिसळून बाटल्यांत भरतात. पाकात विरघळलेले घटक 65 टक्क्यांच्या, म्हणजे 65 ब्रिक्सच्या आसपास असले, तर पाक आंबवणाऱ्या बहुतेक यीस्टना वाढायला पुरेसं मोकळं पाणी मिळत नाही. त्याखाली घसरलं की परिरक्षकावर भिस्त. दोन्हीकडून हात निसटला की पावसाळ्यात झाकणं फुगतात.

त्या मोसमात नऊ पिंपं झाली होती. फुगलेली बाटली हातात घेऊन मी विचारलं, ही कितव्या पिंपातली?

कुणालाच सांगता येईना.

खरं तर लेबल देखणं होतं. रातांब्यांचं चित्र, मोठ्या अक्षरांत पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, 'परिरक्षक (211)' असा सोडियम बेंझोएटचा उल्लेख, पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ 700 मिली, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक, पूर्ण पत्ता, 'उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा' ही सूचना. उत्पादनाचा महिना मे, शेवटी वापराची मुदत. तपासायला कुणी आलं असतं तर जवळजवळ प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण पडली असती. फक्त 'बॅच क्र.' या दोन शब्दांपुढं कोरी जागा.

ती कोरी का राहिली, याचं कारण आळस नव्हे. लेबलं कोल्हापुरात छापून घेतलेली, वरून चकचकीत लॅमिनेशन. कोकम मेमध्येच होणार म्हणून महिना-वर्ष छापखान्यातच टाकून घेतलं. बॅच पिंपागणिक बदलणार, ती शिक्क्यानं मारायची ठरली. पहिल्या दिवशी शिक्के मारले, तर शाई त्या गुळगुळीत कागदावर वाळेचना. बाटल्या खोक्यात भरेपर्यंत सगळ्यांची बोटं निळी आणि आकडे पुसलेले. बॉलपेन घसरत होतं. दुसऱ्या दिवसापासून शिक्का कपाटात गेला. छापखान्याला 'बॅचपुरती जागा लॅमिनेशनशिवाय सोडा' एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर काम भागलं असतं, पण ते सांगायला हवं हे कुणाला सुचणार? नमुना पसंत करताना सगळे चित्राचा रंग बघतात.

आता हे नियमाच्या अंगानं पाहू. 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार, तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या पदार्थावर उत्पादनाची तारीख म्हणून महिना आणि वर्ष दिलं तरी चालतं, दिवस द्यावाच लागतो असं नाही. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यातलं पिंप आणि शेवटच्या आठवड्यातलं पिंप, दोन्हींवर तारीख एकच. त्यांच्यात फरक करणारी अख्ख्या लेबलवर एकच गोष्ट उरते, ती म्हणजे बॅच क्रमांक. नियमालाही त्याच्याकडून तेवढंच हवं आहे: माल बनताना आणि वाटपात गेल्यावर तो ओळखता येईल अशी खूण. ती आकडा असो, अक्षर असो, नियमाला हरकत नाही.

गटाला मात्र बॅच म्हणजे सरकारी रकाना वाटत होता. असं वाटणारे ते एकटे नाहीत. किंमत दुकानदार वाचतो, घटक नि मुदत खाणारा वाचतो, ठिपका शाकाहारी माणूस पाहतो. बॅच क्रमांक रोजच्या व्यवहारात कुणीच वाचत नाही. तो वाचायची वेळ येते ती माल बिघडल्यावर, आणि वाचणारा असतो खुद्द माल बनवणारा. माझ्या मते लहान उद्योगाच्या लेबलवर पैशाच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची जागा तीच.

पिंप ओळखता येत नाही म्हटल्यावर 'मे' छापलेला सगळाच माल परत मागवणं भाग होतं. काकींचा जीव तुटत होता. नऊपैकी बहुतेक पिंपं चांगली असणार, हे त्यांना दिसत होतं आणि मलाही. पण काचेची बाटली आतल्या वायूनं फुटू शकते, तिथं अंदाजावर माल ठेवता येत नाही. कणकवली, कुडाळ, मालवणची दुकानं दोन दिवसांत झाली. मेअखेर मुंबईला परतलेल्या चाकरमान्यांनी नेलेल्या बाटल्यांचं काय करायचं, याला उत्तर नव्हतं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकली, एवढंच.

मग आम्ही शेडमध्ये शिरलो.

फळीवर तीन बरण्या ओळीनं. तिन्हींत पांढरी पूड, आणि तिन्हींवर अक्षर नाही. एकीत सोडियम बेंझोएट, कोकमासाठी. दुसरीत सायट्रिक आम्ल, फणसाच्या आणि आंब्याच्या पदार्थांसाठी. तिसरीत पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, कैरीच्या पन्ह्यासाठी. मूळ पाकिटं फाडून ओतल्यावर टाकून दिलेली. ओळखायचं कसं, तर झाकणावरून.

"निळ्या झाकणाचा बेंझोएट, हिरव्याचा सायट्रिक."

"आनि बरण्यो धुतल्यार?" मी विचारलं.

कुणी बोललं नाही. मग मागून एक वयनी म्हणाल्या, "आमका म्हायत आसा, तर लिवक कित्याक व्हया?"

हा युक्तिवाद मी कोकणात, घाटावर, सगळीकडं ऐकला आहे आणि तो वाटतो तितका पोकळ नाही. रोज हाताळणाऱ्याला खरोखरच माहीत असतं. पण मेच्या मध्यावर त्या वयनी बारशाला सावंतवाडीला गेल्या होत्या. दोन दिवस त्यांचं काम दुसऱ्या बाईनं केलं, आणि त्याच आठवड्यात बरण्या धुतल्या गेल्याचंही आठवणीतून निघालं.

इथं जरा थांबतो, कारण अदलाबदल कोणत्या बरण्यांत झाली यावर बरंच अवलंबून होतं. मेटाबायसल्फाइट कोकमात पडलं असतं तर लगेच कळलं असतं. त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड कोकमाचा लाल रंग फिका करतो, म्हणून तर कोकम-जांभळासारख्या रंगीत रसांना बेंझोएट वापरतात. आणि ते केवळ रंगाचं प्रकरण राहिलं नसतं. सल्फाइटनं दम्याच्या काही रुग्णांना त्रास होतो. पदार्थात ते किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर लेबलवर तसं जाहीर करावं लागतं. फुगलेल्या बाटल्यांचा रंग मात्र पहिल्यासारखाच गडद होता. मग संशय उरतो सायट्रिक आम्लावर. कोकम मुळातच इतकं आंबट की चमचाभर सायट्रिक आम्ल जास्त पडलं तर जिभेला पत्ता लागत नाही.

तसं झालं असेल, तर बाहेरच्या छापील लेबलवरचं 'परिरक्षक (211)' हे खोटं ठरतं. खोटं बोलायचं कुणाच्या मनातही नव्हतं. छापखान्याला दिलेला मजकूर पाककृतीप्रमाणं लिहिला, अगदी बरोबर लिहिला. पण बाटलीवरचं प्रत्येक विधान शेडमधल्या एखाद्या बरणीवर, पिंपावर, उपकरणावर टेकलेलं असतं. तिथं आधार नसेल तर वरचा मजकूर कितीही नियमात बसला तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. लेबलच्या प्रशिक्षणांत सगळा वेळ अक्षराची उंची नि ठिपक्याचा रंग यावर जातो; फळीवरच्या बरण्यांवर कुणी बोलत नाही, याचा मला राग येतो.

उपकरणांची गत अशीच. शेडमध्ये नीट लेबल असलेली एकच वस्तू होती: इलेक्ट्रॉनिक काटा. त्याच्यावर वैधमापन खात्याची पडताळणीची मोहोर, वर्ष आणि पुढची तारीख, कारण त्याशिवाय दंड होतो. शेजारी पाकाचं ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर, ज्याच्यावर सगळ्या पाकाचं भवितव्य, त्याच्यावर काही नाही. कधी घेतला, शेवटचा कधी तपासला, पट्टा कोणता? डोळ्याला लावून पाहिलं तेव्हा कळलं की 45 ते 82 ब्रिक्सचा. असा वरच्या पट्ट्याचा रिफ्रॅक्टोमीटर पाण्यानं शून्यावर लावता येत नाही, कारण शून्य त्याच्या पट्टीवरच नसतो. त्यासाठी डब्यात छोटी काचेची वडी आणि एक द्रव दिलेला असतो. वडी डब्यात होती. "ती काच कसली ते आमका कळला नाय, पन टाकली नाय," असं सांगण्यात आलं. वडीवर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहिलं तर उपकरण सुमारे साडेतीनानं जास्त दाखवत होतं. म्हणजे पाक 65 वाचला, तेव्हा तो 61-62 होता. हा फरक मेच्या सुरुवातीपासून होता की मध्येच उपकरण आपटल्यावर आला, हे कोण सांगणार?

आता प्रयोगशाळा. या टप्प्यावर एक आठवडा निव्वळ वाया गेला, आणि तोही लेबलमुळेच. मी पोहोचण्याआधी गटानं तीन बाटल्या तपासणीला पाठवल्या होत्या. मार्करनं झाकणांवर लिहिलं होतं: 'चांगला', 'खराब', 'खराब 2'. वाटेत एकीतून पाक गळला, खोक्यात सगळं चिकट झालं, प्रयोगशाळेत कुणीतरी झाकणं काढून बाटल्या पुसल्या. मग फोन: यातली 'चांगला' कुठली? निकाल आले, पण कोणत्या बाटलीचे ते नाही.

नमुन्याच्या लेबलबाबत वनस्पतीशास्त्राची नि प्राणीशास्त्राची माणसं आपल्यापेक्षा फार पुढं आहेत, कारण त्यांचा नमुना शंभर वर्षांनी परका माणूस वाचणार असतो. माशाचा नमुना अल्कोहोलच्या बरणीत ठेवतात तेव्हा चिठ्ठी आत, माशासोबत असते, जाड कागदावर पेन्सिलीनं किंवा न विरघळणाऱ्या शाईनं लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये सुटते, आणि बाहेरचा कागद दमट हवेत गळून पडतो. वाळवलेली फांदी चिकटवलेल्या हर्बेरियमच्या कागदावर कुठं, कधी, कुणी, कितवा नमुना, आजूबाजूला काय होतं, फुलाचा रंग कोणता हे लिहितात. रंग तर हमखास, कारण वाळल्यावर तो जातो. नुसतं 'सिंधुदुर्ग' लिहिलेलं चालत नाही, परत त्या झाडापाशी जाता आलं पाहिजे. आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट: जातीचं नाव ठरवणारा माणूस आपलं नाव नि तारखेसह वेगळी चिठ्ठी लावतो. पुढं दुसऱ्या कुणाचं मत वेगळं पडलं तर तो आपली चिठ्ठी शेजारी लावतो, आधीची काढत नाही. घडलेली गोष्ट एका कागदावर, तिच्याबद्दलचं मत दुसऱ्यावर.

'चांगला' आणि 'खराब' ही मतं होती. बाटली कुठल्या दुकानातून, कोणत्या तारखेला, कुणी उचलली, उन्हात होती की सावलीत, झाकण फुगलेलं होतं की नव्हतं, ही झाली हकिगत. लेबलवर ती हवी होती.

कोकमापुरतंच बोलायचं तर लेबल हरवल्याचा आणखी मोठा फटका इथल्या बागायतदारांना माहीत आहे. कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी. बी लावलं तर साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि ते समजतं फुलावर आल्यावर, सात-आठ वर्षांनी. म्हणून तर मादी झाडाच्या काडीची कलमं घेतात. रोपवाटिकेत 'कोकण अमृता' या जातीच्या कलमाची चिठ्ठी पावसात गळाली आणि शेजारच्या रोपाशी गफलत झाली, तर त्या चुकीचं बिल यायला एवढी वर्षं लागतात. बाटलीचं बिल निदान जुलैत तरी येतं.

दुसऱ्यांदा नमुने नीट पाठवले. चार बाटल्या, सांकेतिक क्रमांक बाटलीच्या अंगावर, पट्टीखाली झाकलेला. तोच क्रमांक पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी बाटलीसोबत बंद पिशवीत. हकिगत वेगळ्या कागदावर, आणि तपासणी कोणती हवी तेही स्पष्ट: ब्रिक्स आणि बेंझोइक आम्ल, म्हणजे बेंझोएट पडलं की नाही ते. निकाल असा: दोन फुगलेल्या बाटल्यांत ब्रिक्स साठच्या जरासं वर आणि बेंझोइक आम्ल जवळजवळ नाही. न फुगलेल्या एकीत ब्रिक्स तेवढंच कमी, पण बेंझोइक आम्ल व्यवस्थित. चौथीत दोन्ही ठीक.

म्हणजे साखर कमी पडलेल्या पिंपांना बेंझोएटनं तारलं होतं, आणि जिथं तेही पडलं नाही तिथं यीस्टनं संधी साधली. निदान असं दिसतं तरी. पण नऊपैकी किती पिंपांत बेंझोएट चुकलं, एकात की तीनात, हे आजही कुणी सांगू शकत नाही, कारण चारही बाटल्यांवर 'मे' एवढंच होतं. परत आलेला माल नष्ट केला.

त्यानंतर काय बदललं, ते थोडक्यात. बरण्यांवर आता अंगावर लिहिलेलं असतं, झाकणावर नाही: पदार्थाचं नाव, 211 किंवा 330 किंवा 224 हा क्रमांक, खरेदीची तारीख, मूळ पाकिटाचा बॅच नंबर, 'फक्त कोकमासाठी' अशी ओळ, आणि प्रमाण. प्रमाणावर थोडी चर्चा झाली. किलोमागे 600 मिलिग्रॅमची मर्यादा बेंझोइक आम्लाची आहे, आणि सोडियम बेंझोएटच्या वजनातलं सुमारे 85 टक्केच ते असतं. हा हिशेब पिंपाशेजारी उभं राहून कुणी करणार नाही, म्हणून बरणीवर थेट '50 किलो पाकाला 30 ग्रॅम' लिहिलं. मर्यादेच्या बरंच आत. मेटाबायसल्फाइटची बरणी वेगळ्या खोलीत गेली. मला विचाराल तर लेबलपेक्षा हा उपाय जास्त पक्का.

रिफ्रॅक्टोमीटरच्या डब्यावर पट्टा, तपासल्याची तारीख, किती फरक आढळला नि पुढची तपासणी कधी, एवढं चिकटवलं. काचेच्या वडीच्या पाकिटावर 'ही टाकू नये'.

मी उपकरणांची नोंदवही सुचवली होती. ती दोन पानं भरून थांबली. पिंपाचं कार्ड मात्र चाललं. प्रत्येक पिंपाच्या कडीला तारेनं बांधलेलं जाड पुठ्ठ्याचं कार्ड, पेन्सिल दोरीला लटकवलेली. पिंप क्रमांक, भरल्याची तारीख, साल किती, साखर किती, गाळल्याची तारीख, ब्रिक्स, बेंझोएट घातल्याची वेळ आणि सही. वही कपाटात असते, कार्ड हाताशी, हे त्याचं रहस्य. बाटल्या भरल्या की कार्डावरूनच बॅच उतरते: को-04-1905 म्हणजे चौथं पिंप, 19 मेला भरलेलं. शिल्लक चकचकीत लेबलांवर कोऱ्या जागी छोटा खरखरीत स्टिकर लावून त्यावर शिक्का मारला. नव्या छपाईत ती जागाच लॅमिनेशनशिवाय सोडली. ग्राहक सेवेला आता गटाच्या सचिव ताईंचा नंबर आहे.

पुढच्या मोसमात मालवणच्या दुकानातून तक्रार आली, एका बाटलीला आंबूस वास येतो म्हणून. ताईंनी फोनवर आधी बॅच विचारली. सहावं पिंप. त्या पिंपाच्या बाटल्या तीनच दुकानांत गेल्या होत्या, त्या संध्याकाळपर्यंत उचलल्या. बाकीची पिंपं विक्रीला तशीच राहिली. कार्ड काढून पाहिलं तर ब्रिक्स 66, बेंझोएट घातल्याची वेळ लिहिलेली, पण सहीची जागा रिकामी. त्या दिवशी पिंपावर कोण होतं यावरून गटात अजून दोन तट आहेत.